अर्धवट राहिलेल्या गोधड्या: काम कुठे अडते आणि ते पुन्हा कसे सुरू करावे

नवरात्राच्या आधी आमच्या घरी दसरा काढतात, म्हणजे घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन उन्हात घातली जातात, आणि त्याच वेळी लोखंडी ट्रंकेच्या तळाशी असलेले एक जुने गाठोडेही बाहेर येते. त्या गाठोड्यात चार अर्धवट गोधड्या होत्या. दरवर्षी मी त्या उलगडायची, झटकायची, दिवसभर उन्हात ठेवायची आणि यंदा निदान एक तरी पुरी करायची असे ठरवून संध्याकाळी पुन्हा घडी घालून आत ठेवायची. असे सहा वर्षे चालले. वेळ मिळत नाही, हे कारण मी स्वतःला आणि इतरांना सांगत असे. पण त्याच सहा वर्षांत नात्यातल्या बाळंतपणांसाठी मी कितीतरी दुपटी शिवून दिली होती, तेव्हा ते कारण खरे नव्हते हे मला उशिरा का होईना उमगले.

सातव्या वर्षी मी सुई हातात घेतली नाही. एका दुपारी चारही गोधड्या जमिनीवर अंथरल्या आणि प्रत्येकीचा शेवटचा टाका शोधला. शेवटचा टाका पाहिला की काम का थांबले ते बहुधा तिथेच दिसते. एकीत मधोमध कापडाचा झोळ आला होता. दुसरीत थर इतके जाड झाले होते की सुई आरपार जात नव्हती. तिसरीचे वरचे ठिगळकाम पुरे झाले होते, पण ते अस्तरावर कधी टाचलेच नव्हते. चौथी आईची होती आणि तिला हात लावण्याचा धीर मला झाला नव्हता. चार गोधड्यांच्या चार वेगळ्या अडचणी होत्या आणि मी त्या सगळ्यांवर ‘एकदा बसायला पाहिजे’ हा एकच उपाय योजत होते. ज्यांच्या घरी असे गाठोडे आहे त्यांनी आधी ही पाहणी करावी, आणि प्रत्येक गोधडीला सेफ्टी पिनेने एक चिठ्ठी लावून तिच्यावर पुढची फक्त एक कृती लिहावी. ‘पुरी करणे’ असे लिहू नये. ‘उजव्या कोपऱ्यातल्या चार ओळी उसवणे’ किंवा ‘दोरा आणणे’ असे लिहावे, कारण तेवढे काम अर्ध्या तासात होते आणि चिठ्ठी बदलता येते.

मधोमध येणारा झोळ

गोधडी अर्धवट राहण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असावे, असे मला पाहण्यावरून वाटते. चारही कडांनी शिवत आत यायचे ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु थर आधी नीट टाचलेले नसतील, तर प्रत्येक ओळीबरोबर वरचे कापड थोडेसे पुढे ढकलले जाते आणि ती सगळी वाढ मध्यभागी साठते. शेवटचा दीड-दोन फूट चौकोन उरला की तिथे पुरीसारखा फुगवटा दिसू लागतो, आणि तो पाहून मन खट्टू होते. थर वेगवेगळ्या विणीचे असले, म्हणजे वर पातळ लुगडे, मध्ये जाड धोतर आणि खाली मांजरपाट, म्हणजे जाडेभरडे सुती कापड, असले, तर हा त्रास वाढतो, कारण प्रत्येक कापड वेगळ्या प्रमाणात ताणले जाते. पलंगावर पसरून टाचण्याची सवयही याला कारणीभूत आहे; गादी खाली दबते आणि थर सपाट आहेत असा नुसता भास होतो.

झोळ आला म्हणून सगळी गोधडी उसवण्याची गरज नसते. आधी ती फरशीवर उलटी पसरावी आणि अस्तर सपाट आहे का ते पाहावे. अस्तर सपाट आणि वरचे कापडच जास्त असेल, तर शेवटच्या चार-पाच ओळी उसवाव्यात, वरच्या कापडावर पाण्याचा हलका शिडकावा करून हाताने ते सगळीकडे सारखे पसरवावे, वाळू द्यावे आणि मग मधून कडेकडे अशा क्रमाने कच्चे टाके, म्हणजे नंतर काढून टाकायचे लांब टाके, घालावेत. सुती कापड ओले होऊन वाळताना थोडे आक्रसते, त्यामुळे लहान झोळ एवढ्यानेच बसतो. तरीही चार बोटांएवढे कापड जास्त उरत असेल, तर त्याची एक सरळ चूण घालून ती सपाट बसवावी आणि तिच्यावर विरोधी रंगाचे एक लांबट ठिगळ लावावे. माझ्या पहिल्या गोधडीत अशा चुणीवर मी चंद्रकळेच्या, म्हणजे काळ्या लुगड्याच्या, तांबड्या काठाची पट्टी लावली, आणि आता पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

अस्तरही गोळा झाले असेल, तर मात्र उपाय वेगळा आहे. अशा गोधडीच्या मधोमध, अर्ध्या इंचाच्या अंतराने, दोन ओळी मशीनवर शिवून घ्याव्यात आणि त्या दोन ओळींच्या मधून कापावे. दोन लहान गोधड्या होतात, झोळ कापलेल्या कडेकडे सरकवून काढून टाकता येतो आणि कडांना गोठ, म्हणजे कापडाची दुमडलेली पट्टी, लावला की काम संपते. आधी टिपा घालण्याचे विसरू नये, नाहीतर हाताचा धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा टाका, कापलेल्या जागेपासून उसवत जातो.

पुढच्या वेळी हे टाळायचे असेल तर टाचणी आणि कच्चे टाके यांत कंजुषी करू नये. जमिनीवर अस्तर पसरावे, चार कोपऱ्यांवर पाट-वरवंटा असे काही जड ठेवावे, मधले थर एकेक करून हाताने झाडत बसवावेत, आणि मग मध्यापासून चार दिशांना अधिकचिन्हासारख्या दोन लांब ओळी घालून त्यांच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर कच्च्या ओळी घालत जावे. या कामाला एक सबंध दुपार लागते. ती दुपार वाचवण्यासाठी मी जे केले, त्याने माझी सहा वर्षे गेली.

सुई आरपार जात नाही

जुन्या गोधड्यांत चार-पाच लुगड्यांचे थर असत हे आपण ऐकलेले असते, म्हणून आपणही तितके थर घालतो. पण ती लुगडी वर्षानुवर्षे धुऊन मऊ आणि विरळ झालेली असत, आणि आपण घालतो ते कापड पुष्कळदा नवे, घट्ट विणीचे आणि खळ न गेलेले असते. कापड एकदा साध्या गरम पाण्यात धुऊन घेतले तर खळही जाते आणि जे आटायचे ते आधीच आटते. शिवायला बसण्यापूर्वी वीतभर चौकोनात नेमके तेवढेच थर घेऊन चार ओळी घालून पाहाव्यात. बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, लावूनही एका वेळी तीन टाके सुईवर घेता येत नसतील तर एक थर कमी करावा. पुण्या-नाशिकच्या थंडीला तीन थर पुरतात. अर्धी शिवून झालेल्या जाड गोधडीतला मधला थर न शिवलेल्या भागातून कापून काढता येतो, फक्त तो शिवलेल्या शेवटच्या ओळीपासून दोन बोटे आत ठेवून कापावा, म्हणजे तिथे पायरी जाणवत नाही.

हात दुखतो म्हणून काम सोडून दिलेल्या अनेक बायका मला माहीत आहेत. त्यांना हिशेब करून दाखवला की बरे वाटते. पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब गोधडीत एकेक इंचावर ओळी घातल्या, तर 90 इंचांच्या 60 ओळी होतात, म्हणजे 5400 इंच, सुमारे 137 मीटर धावदोरा. एका ओळीला वीस मिनिटे धरली तर वीस तास. रोज अर्धा तास बसले तर चाळीस दिवस. ओळींतले अंतर दीड इंच ठेवले तर हेच काम सत्तावीस दिवसांत होते, आणि थर नीट टाचलेले असतील तर दीड इंचाचे अंतर घरच्या वापराला पुरते. दोराही याच हिशेबाने एकदम आणावा. ओळीच्या लांबीच्या दीडपट, म्हणजे इंचाच्या अंतराला साधारण 200 मीटर दोरा हाताशी असावा, कारण त्याच नंबराचा दोरा काही महिन्यांनी आणला तर छटा जुळेलच असे नाही. गाठोड्यात पडून राहिलेला सुती दोरा वापरण्याआधी हातभर घेऊन जोराने ओढून पाहावा; तो तुटला तर ती रीळ कच्च्या टाक्यांसाठी ठेवावी.

कापडच दगा देते तेव्हा

जुने कापड उजेडासमोर धरले की विरलेल्या जागा दिसतात. दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून आडव्या धाग्याच्या दिशेने हलके ओढावे. जे कापड लगेच टरकते ते वरच्या थराला घेऊ नये, मधल्या थराला घ्यावे. नऊवारी लुगडे बसण्याच्या जागी आणि काष्ट्याच्या घड्यांवर आधी विरते, तर काठ आणि पदर बरेच दिवस टिकतात, म्हणून ठिगळे काढताना तिकडून सुरुवात करावी. लांबीचा अंदाजही उपयोगी पडतो: साडेपाच मीटरची सुती साडी मध्यावर कापून दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की दोन माणसांच्या गोधडीचा एक थर होतो, आणि सुमारे सव्वाआठ मीटरच्या नऊवारीचे एका माणसाच्या गोधडीच्या लांबीचे तीन तुकडे निघतात.

रंग जाण्याचा अनुभव मी एकदा घेतला आहे. एका दुकानातून पक्क्या रंगाचे म्हणून आणलेले गडद तांबडे कापड मी पांढऱ्या ठिगळांना लागून लावले आणि पहिल्याच धुण्यात सगळी पांढरी घरे गुलाबी झाली. तेव्हापासून प्रत्येक गडद कापडाचा एक तुकडा ओला करून, जुन्या पांढऱ्या सुती कापडावर ठेवून, वरून गरम इस्त्री दाबते. डाग उमटला तर ते कापड पुन्हा पुन्हा धुते, आणि तरीही रंग जात राहिला तर वापरत नाही. मिठाच्या पाण्यात भिजवले की बाजारातल्या तयार कापडाचा रंग पक्का होतो या समजुतीवर विसंबून राहू नये. रंग उतरलाच, तर ती गोधडी वाळू देऊ नये आणि तिच्यावर इस्त्री तर मुळीच फिरवू नये. भरपूर पाण्यात बुडवून ठेवून पाणी निवळ येईपर्यंत बदलत राहावे.

ठिगळकाम झाले, गोधडी झाली नाही

माझी तिसरी गोधडी इथे अडकली होती. वरचा थर पुरा होता, दिसायलाही सुरेख होता, आणि तरी तीन वर्षे तसाच पडून होता. ठिगळे जुळवण्यात मन रमते. त्यानंतरचे टाचणे आणि शिवणे हे एकसुरी काम आहे, आणि या दोन कामांच्या मधल्या फटीत गोधड्या पडून राहतात.

या फटीवरचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला उपाय कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या कवंदी नावाच्या गोधडीत आहे. यल्लापूर, हल्याळ आणि मुंडगोड या तालुक्यांत राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या या समाजातल्या बायका वरचा थर वेगळा जोडत बसतच नाहीत. खाली अख्खे कापड घेतात, एका कोपऱ्यापासून एकेक ठिगळ त्याच्यावर ठेवतात, त्याची कड दुमडतात आणि त्याच धावदोऱ्याने ते ठिगळ आणि खालचे कापड एकदमच शिवत, कडेकडेने फिरत, मध्यापर्यंत येतात. कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांचे ‘फूल’ लावतात आणि त्याशिवाय कवंदी पुरी मानत नाहीत. या पद्धतीत जोडणी आणि शिवण ही दोन कामे नाहीतच. जेवढे झाले तेवढे पुरे झाले, आणि पुढे काय लावायचे हे हातात येणाऱ्या पुढच्या तुकड्यावरून ठरते. आपल्याकडेही ठिगळे थेट खालच्या थरावर लावून शिवणाऱ्या म्हाताऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ज्यांना दुसऱ्या टप्प्यावर कंटाळा येतो त्यांनी पुढची गोधडी अशी करून पाहावी. मी केली, आणि ती तीन महिन्यांत पुरी झाली.

आधीच जोडून ठेवलेल्या थराचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. तो आवडत असेल तर एखाद्या शेजारणीला किंवा बहिणीला बोलावून टाचण्याचे काम दोघींनी एका दुपारी उरकावे. समोरून कापड ताणून धरायला दुसरे माणूस असले की या कामाचा निम्मा त्रास जातो. शिवणे नको असेल तर मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका गावोगाव आहेत, त्यांना ते काम योग्य मोबदल्याने द्यावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. थर आता आवडतच नसेल, तर त्याची बसकरे किंवा उशांचे अभ्रे करावेत. वीस वर्षांपूर्वीची आपली आवड आज वेगळी झालेली असते.

नवे काही सुचत नाही

ही तक्रार मी वारंवार ऐकते आणि ती करणाऱ्यांच्या घरी बहुधा कापडाचे तीन-चार बोचके असतात. सगळे कापड समोर असले की डोळा कुठेच ठरत नाही. अशा वेळी एक गडद, एक फिके आणि एक काठाचे असे तीनच तुकडे बाहेर काढावेत आणि बाकीचे दुसऱ्या खोलीत न्यावे. इरकली लुगड्याकडे नीट पाहिले तर तांबडा पदर आणि त्यातले पांढरे पट्टे, गडद अंग आणि रुंद काठ एवढ्यावरच गोधडीची पूर्ण मांडणी तयार असते. काठ चौकटीला लावावा, पदर मध्ये घ्यावा आणि अंगाची घरे करावीत. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या चोळीच्या खणाची लहान नक्षी अशा मोठ्या रंगांच्या मध्ये फार शोभते.

घरातली एखादी जुनी गोधडी असेल तर ती उलटी करून पाहावी. वरून ठिगळे दिसतात, खालून नुसते टाके दिसतात, आणि शिवणारीने कोपऱ्यात ओळ कशी वळवली, दोरा संपल्यावर नवा कुठून घेतला, कंटाळा आला तेव्हा टाका किती लांबला, हे सगळे तिथे वाचता येते. माझ्या दोन नव्या गोधड्यांची आखणी अशा पाठीवरूनच सुचली.

आईची गोधडी

चौथ्या गोधडीवर मी सर्वांत शेवटी आले. आई गेली तेव्हा ती दोन-तृतीयांश शिवून झाली होती. सुई शेवटच्या ओळीत तशीच टोचलेली होती, तिच्यातून वीतभर पांढरा दोरा लोंबत होता, आणि इतक्या पावसाळ्यांची हवा लागून सुईला गंज चढल्यामुळे तिच्याभोवती मसुराएवढा तपकिरी डाग पडला होता. आई डावखुरी होती. तिच्या ओळी डावीकडून उजवीकडे जातात आणि प्रत्येक टाका किंचित उलट्या बाजूला कललेला असतो. माझी ओळ तिच्या ओळीला लागली की सांधा दिसणार, याचीच मला भीती वाटत होती. शिवाय तिचे एक निळे पातळ मधल्या थरासाठी कापावे लागणार होते.

हा धीर मला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या एका गोधडीने दिला. तिथल्या मिझूरी पेटवे या बाईने 1942 मध्ये, नवरा वारल्यावर, त्याचे शेतात घालायचे जुने कपडे उसवून त्यांची गोधडी केली, कारण तिला त्याची आठवण अंगावर पांघरायची होती. त्या कापडावर गुडघ्यांच्या झिजलेल्या जागा आणि फिकट पडलेले चट्टे तसेच दिसतात. त्या बाईने ते कपडे कापले नसते तर ते कुठल्या तरी पेटीत कुजून गेले असते, हे माझ्या ध्यानात आले आणि मी त्याच संध्याकाळी कात्री घेतली.

आईचा एकही टाका मी उसवला नाही. गंजलेली सुई ओढून काढली तर धागे तुटतील म्हणून तिच्याभोवतीचे दोन टाके सैल करून ती हळूच काढली. डागावर लिंबाचा रस आणि मीठ लावून गोधडी उन्हात ठेवली. पांढऱ्या कापडावर हा उपाय चालतो, रंगीत कापडावर करू नये, कारण लिंबाने रंगही फिका होतो. डाग पुरता गेला नाही, पिवळसर ठिपका राहिला. माझा दोरा तिच्या दोऱ्याशी जुळवण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आणि मुद्दाम हलका बदामी दोरा घेतला, म्हणजे तिचे काम कुठे संपते ते कोणालाही दिसावे. तिचा लोंबणारा दोरा कापला नाही. तो थरांच्या मध्ये घेऊन तिथेच गाठ मारली आणि त्याच्या शेजारच्या भोकातून माझी पहिली ओळ काढली.

काम अर्ध्यावर ठेवावे लागले तर सुई कापडात टोचून ठेवू नये, हे मी आता कटाक्षाने पाळते. दोरा गाठ मारून संपवते, पुढच्या ओळीची सुरुवात जिथून करायची तिथे एक रंगीत कच्चा टाका घालते, आणि गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या धोतरात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवते, कारण पिशवीत दमटपणा कोंडतो आणि बुरशी येते. मागच्या वर्षी दसरा काढताना ट्रंकेच्या तळाशी नुसता पाला होता.